शिसं किती ग्रॅमचं लावायचं? ठाणे खाडीत गळ टाकणाऱ्यांसाठी रिग, वजन आणि सामान

ठाणे-नवी मुंबईत नव्याने रॉड घेतलेल्या माणसाची पिशवी उघडली की दोन गोष्टी हमखास निघतात: ७ ग्रॅमची बुलेट शिसं आणि रबरी किड्यांची पाकिटं. दोन्ही अमेरिकेतल्या बास-फिशिंगचे व्हिडिओ बघून मागवलेली. तिकडच्या रिग, म्हणजे दोरी, शिसं आणि गळ यांच्या बांधण्या, उत्तमच आहेत, त्यामागे खूप विचार आहे. पण तिकडचा लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा. तो राहतो ते पाणी बहुतेक वेळा संथ असतं आणि तळाला पाणगवत असतं. आपल्या खाडीत पाणी दिवसातून चार वेळा फिरतं, तळ मऊ गाळाचा असतो आणि पुलांच्या खांबांना धारदार कालवं चिकटलेली असतात. त्यामुळे रिगची बांधणी तिकडून घ्यावी, पण वजन तिथी आणि तास बघूनच ठरवावं. एवढं जमलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा वजनालाच दिली आहे.

आपण ज्याच्या मागे असतो तो जिताडा. ऑस्ट्रेलियात ज्याला बारामुंडी म्हणतात, तोच हा मासा. तो पाण्याच्या मुख्य धारेत फारसा थांबत नाही. खांबाच्या मागे, दगडी बंधाऱ्याच्या कोपऱ्यावर, नाही तर खाजणातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी आडोसा धरून उभा राहतो. समोरून वाहत आलेली कोळंबी किंवा बोय दिसली की भलंमोठं तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्याच पाण्यात तांबोशी आणि शिंगाळा लागतो. त्यांच्यासाठी वेगळी तयारी करायची गरज नसते.

जागा

नवी मुंबईच्या बाजूला सारसोळे, दिवाळे, बेलापूर इथल्या जेट्ट्या आहेत. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला लागून गायमुख, नागला बंदर आणि अलीकडे कोलशेतचा काठ आहे. मात्र ही ठाण्याची बाजू उल्हास नदीच्या मुखाची, म्हणजे वसई खाडीची. तिथे पावसाळ्यात गोडं पाणी जोरात उतरतं आणि इकडचे वजनाचे आकडे तिकडे तसेच्या तसे चालत नाहीत.

जेट्टी ही कोळी बांधवांची कामाची जागा आहे. त्यांच्या होड्या लागायच्या-निघायच्या वेळी रॉड गुंडाळून बाजूला व्हायचं. डोलजाळ्यांचे खुंट दिसतात तिकडे गळ फेकायचा नाही. पहिल्यांदा गेलात तर तिथल्या एखाद्या काकांना विचारूनच बसा. कुठे खडक आहे आणि कुठे नुसता गाळ, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. जिवंत कोळंबीही बहुधा त्यांच्याकडूनच मिळते.

ठाणे खाडीचा पश्चिम काठ २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये या पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जाही मिळाला. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. कांदळवनात घुसून वाट काढायची नाही. रहदारीच्या पुलांच्या कठड्यावर उभं राहून कास्ट करू नका, म्हणजे गळ फेकू नका. मागे फिरलेला गळ एखाद्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यात जाऊ शकतो. आणखी एक सांगायलाच हवं: खाडीवरून उच्च दाबाच्या तारा गेलेल्या आहेत आणि ग्राफाइट रॉड विजेचा उत्तम वाहक असतो. तारांखाली उभा रॉड धरायचा नाही. आभाळ गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवायचा.

तिथी, भरती आणि बारा हिस्से

घरातलं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास पाणी भरलेलं असणार. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशोब. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत जसजसं आत ठाण्याकडे जावं तसतशी भरती उशिरा पोहोचते. त्यामुळे निघण्यापूर्वी भरतीचं छापील कोष्टक किंवा ॲप बघाच. पण महिनाभराचा बेत आखायला तिथी पुरते.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग (पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी), हे सगळ्यांना ठाऊक असतं. मात्र उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्या उलटल्यावर एक-दोन दिवसांनी येतो. भांगाचंही तसंच: पाणी सगळ्यात मऊ नवमी-दशमीला असतं. हलक्या सामानाने शिकायचं असेल तर ते दिवस धरा.

आता तासांचा हिशोब. ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से केले, तर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि शेवटच्या तासात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. पंचमीच्या उदाहरणात सकाळी साडेनवाला पाणी फिरेल, साडेअकरा ते दीड सगळ्यात जोराची धार असेल आणि पावणेतीननंतर ती ढिली पडायला लागेल. एकच शिसं लावून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणारा माणूस या सव्वासहा तासांतले फार तर दोन तास बरोबर वजनावर असतो.

वजन

पिशवीत १५, २०, ३०, ४५, ६० ग्रॅम अशी शिसं ठेवा. ९० ग्रॅमची एक-दोन असली तर असू द्या. पण ९० लावायची वेळ आली की मी बहुधा गळ गुंडाळतो आणि धार ढिली पडायची वाट बघतो. एवढ्या धारेत जिताडा आडोसा सोडत नाही आणि आमिषही नुसतं गरगर फिरत राहतं.

सुरुवातीचे आकडे असे धरा. भांगाचे दिवस, जेट्टीवरून २०-३० मीटरचा कास्ट, बारीक ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी): १५ ते २० ग्रॅम. मधल्या तिथी: ३० ग्रॅम, आणि धार जोरात असेल त्या मधल्या दोन तासांत ४५. उधाण: पहिल्या आणि शेवटच्या तासात ३०-४५, मध्ये ६०. हे फक्त सुरुवात करण्यापुरते. खरं वजन पाण्यालाच विचारायचं असतं, आणि ते विचारायची रीत अशी.

काठाला काटकोनात, किंचित धारेच्या वरच्या अंगाला कास्ट करा. शिसं पाण्यात पडल्यावर रीलची बेल (दोरी अडवणारी तारेची कडी) उघडी ठेवून दोरी सुटू द्या. तळाला टेकलं की दोरी एकदम सैल पडते. बेल बंद करा, सैलपणा गुंडाळा, रॉडचं टोक वर धरा आणि रीलच्या पुढे दोरीवर तर्जनी ठेवा. आता फक्त बोटाकडे लक्ष. शिसं गाळात बसलं असेल तर बोटाला काहीच कळत नाही, दोरी नुसती ताणलेली असते. शिसं हलकं असेल तर बारीक, सलग खरखर येते, दोरी धारेबरोबर कमानीसारखी वाकत जाते आणि मिनिटाभरात गळ काठालगत येऊन पडतो. आपल्याला या दोन्हींच्या मधलं हवं. शिसं थांबतं. रॉडचं टोक वीतभर उचललं की उठतं, दोन-तीन हात खाली सरकतं आणि बोटाला स्पष्ट ‘टक’ देऊन पुन्हा बसतं. असं झालं की आमिष तळ चाचपत आडोशाकडे जातं आणि प्रत्येक वेळी नवीन जागा तपासली जाते. खरखर आली तर एक पायरी वजन वाढवा. टोक उचलल्यावर शिसं उठेना, किंवा उठताना गाळातून बूट ओढल्यासारखी ओढ लागली, तर एक पायरी कमी करा. धार बदलते तसं दर तासाला हे पुन्हा करायचं.

वजनाइतकाच आकार महत्त्वाचा. लांबट, टोकदार शिसं लांब जातं पण गाळात उभं घुसतं. नाण्यासारखं चपटं शिसं गाळावर पसरून बसतं आणि उचलल्यावर सहज सुटतं. खाडीसाठी चपटंच घ्या. तारांचे पंजे असलेली शिसं वाळूच्या किनाऱ्यासाठी असतात, खडक आणि कालवांत ती अडकणारच. टंगस्टन शिशापेक्षा बरंच जड असतं: घनता १९.३, शिशाची ११.३. त्यामुळे तेवढ्याच वजनाचा दाणा लहान होतो. पण जिथे दोन-चार वजनं तळाला सोडून यावी लागतात तिथे ते महागडं टंगस्टन कशाला? ते लहान रबरी लुअरपुढे (नकली आमिषापुढे) लावायला ठेवा.

दोरीची जाडीही वजन ठरवते. पाण्याची धार दोरीवर जो दाब देते तो जाडीबरोबर वाढतो. ०.४० मिलिमीटरचा साधा तंगूस (एकपदरी नायलॉन) लावला असेल, तर ०.२० च्या ब्रेडेड लाइनपेक्षा त्यावरचा दाब दुप्पट. ब्रेडेडवर ३० ग्रॅम पुरतं तिथे तंगुसावर ४५-५० लागतं. जेट्टीवर शेजारच्याला ‘किती लावलंय?’ विचारताना ‘दोरी कोणती?’ हेही विचारायला हवं ते याचसाठी.

शिशाबद्दल थोडं कळकळीने सांगतो. शिसं विषारी आहे. मध्ये फट असलेली बारीक शिसं दोरीवर दाताने दाबून बसवायची सवय असेल तर आजच सोडा, पक्कड वापरा, आणि जेवणाचा डबा उघडायच्या आधी हात धुवा. ब्रिटनमध्ये १९८७ पासून लहान शिशांच्या विक्रीवर बंदी आहे, कारण गिळलेल्या शिशांनी तिथले हंस मरत होते. आपल्या खाडीवर तर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) गाळ चाळूनच पोट भरतात. म्हणून खडकाळ, अडकणाऱ्या जागी मी दगड वापरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापायची, त्यात दगड घट्ट बसवायचा आणि चकतीलाच दोरी बांधायची. हिशोब मात्र बदलतो. पाण्यात शिसं आपलं ९ टक्के वजन गमावतं, तर आपला काळा बसाल्ट (घनता साधारण २.९) तिसऱ्या हिश्शाहून जास्त गमावतो. त्यामुळे ४० ग्रॅम शिशाच्या जागी ५५ ग्रॅमचा दगड लागतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून दगडावर खडूने आकडा लिहून ठेवा. दगड गोलापेक्षा चपटा निवडा.

रिग

पहिली आणि सगळ्यात कामाची रिग म्हणजे सरकत्या शिशाची. बासवाले तिला कॅरोलायना रिग म्हणतात. मुख्य दोरीत आधी शिसं ओवा, मग एक रबरी मणी, मग स्विव्हल (दोन्ही बाजूंनी फिरणारी कडी) बांधा. मणी नसेल तर शिसं गाठीवर आपटून ती झिजवतं. स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला लीडर (गळाआधीचा जाड दोरीचा तुकडा) आणि त्याला गळ. तिकडे लीडर तलावात मीटरभरापर्यंतही ठेवतात. आपल्या धारेत एवढा लांब लीडर शिशाभोवती गुंडाळला जातो. भांगाला ६० सेंटीमीटर, उधाणाला ३० पुरे. मासा आमिष उचलून चालू लागला की दोरी शिशातून सरकते आणि त्याला वजन जाणवत नाही, हा या रिगचा फायदा. शिसं गाळात रुतलं की तो फायदा संपतो. वजन बरोबर हवं याचं आणखी एक कारण.

खडकाळ जागी यात एक बदल करा. शिसं थेट दोरीत ओवण्याऐवजी दोरीवर एक सरकती स्नॅप-स्विव्हल घ्या आणि शिसं किंवा दगड तिला वीतभर, ६-८ पौंड ताकदीच्या बारीक तंगुसाने बांधा. अडकलं तर तेवढाच तुकडा तुटतो. गळ, लीडर आणि क्वचित मासाही परत येतो.

दुसरी उभी रिग, म्हणजे ड्रॉप शॉट: शिसं सगळ्यात खाली, गळ त्याच्या ३०-४५ सेंटीमीटर वर. गाळ फार मऊ असेल किंवा खेकडे आमिष कुरतडत असतील तर हीच लावा, कारण आमिष तळापासून अधांतरी राहतं. जेट्टीच्या अगदी पायथ्याशी, खांबाला लागून सरळ खाली सोडायलाही हीच चांगली. पालोमार गाठ बांधायची: दोरी दुमडून गळाच्या नेढ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फासातून अख्खा गळ काढा, थुंकीने ओली करा आणि हळू आवळा. खालचं टोक लांब सोडा आणि ते वरून एकदा नेढ्यातून खाली ओढून घ्या. मग गळ आडवा, टोक वर करून उभा राहतो. त्या टोकाला शिसं.

टेक्सास रिगमध्ये गळाचं टोक रबरी आमिषात लपवलेलं असतं. ती खाजणाच्या तोंडाशी, कांदळाच्या मुळांजवळ फेकायला उपयोगी, ७ ते १४ ग्रॅमच्या बुलेटसह. व्हिडिओ बघून घेतलेली शिसं इथे वापरा. मोकळ्या पाण्यात मात्र ४ इंची शॅड (माशाच्या आकाराचं रबरी आमिष) आणि १०-२० ग्रॅमचं जिगहेड (शिशाचं डोकं असलेला गळ) जास्त मासे देतं. पाणी फार गढूळ असतं, त्यामुळे रंगाच्या चर्चेत वेळ घालवू नका. शेपटी जोरात हलणारा शॅड घ्या आणि सावकाश ओढा. जिताडा तो हलण्याच्या कंपावरून शोधतो.

जिवंत कोळंबीला ४/० मापाचा सर्कल गळ (टोक आत वळलेला गोलसर गळ). कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्याच्या बुडाशी, आत दिसणारा काळा ठिपका टाळून गळ आडवा काढा. ठिपक्याला लागलं की कोळंबी मेलीच. धार जास्त असेल तर शेपटीकडून अडकवा, फेकताना सुटत नाही. सर्कल गळावर मासा लागल्यावर झटका द्यायचा नाही. रॉड वाकू द्या आणि नुसतं गुंडाळायला लागा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. सवयीने झटका मारणाऱ्यांचा मासा इथेच सुटतो.

रॉड, रील, दोरी

एकच रॉड घ्यायचा असेल तर ८ फुटी, मीडियम-हेवी स्पिनिंग, १५-४० ग्रॅम लिहिलेला. रॉडवर छापलेला तो आकडा शिसं आणि आमिष मिळून असतो. ६० ग्रॅम लावायचे असतील तर पूर्ण जोराने फेकायचं नाही, हळूच झोकून द्यायचं, नाही तर सरळ ९-१० फुटी जाड रॉड वेगळा ठेवायचा. रील ४००० साइजची. ब्रेडेड लाइन ३० पौंडांची. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलोवर बसवा. सामान तोलायचा हूकवाला काटा दोरीला अडकवून ओढला की आकडा कळतो. अंदाजाने बसवलेला ड्रॅग जवळजवळ नेहमीच जास्त घट्ट निघतो.

लीडरवर काटकसर करू नका. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड पात्यासारखी असते आणि त्याचं तोंड खरखरीत असतं. ४० पौंडांचा मोनो (जाड तंगूस) किंवा फ्लुरोकार्बन, खांबांजवळ ५० चा. ब्रेडेडला लीडर थेट जोडायचा असेल तर एफजी गाठ सर्वात बारीक बसते. जमत नसेल तोवर डबल युनी बांधा. प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा हातभर भाग नखावर ओढून बघा. खरखरीत लागला तर कापून टाका.

घरी आल्यावर रीलवर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करा, जोराची धार नको, ती मीठ आत ढकलते. ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा.

मासा हाताशी आल्यावर

शिंगाळा लागला तर हातात घेऊ नका. पाठीवरचा एक आणि कल्ल्यामागचे दोन काटे विषारी असतात. पक्कड आणि जाड कापड वापरा. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसेल तेवढ्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा, वेदना उतरतात, आणि मग डॉक्टरकडे जाऊन आत तुकडा राहिला नाही ना ते बघून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पाकट लागला तर दोरी कापलेली बरी.

खाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही काठांवरच्या शहरांचं आणि नवी मुंबईतल्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्याचं सांडपाणी वरच्या खाडीत येतं, म्हणून तिथला मासा मी घरी आणत नाही.

जिताड्याच्या बाबतीत सोडून देण्याला आणखी एक कारण आहे. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सगळ्यांना फोटोसाठी हवा असतो तो थोराड जिताडा बहुधा अंड्यावर येणारी मादी असते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंटीमीटरहून लहान आणि १२० हून मोठा बारामुंडी ठेवता येत नाही, तो याच विचाराने. रॉडवर ५८ सेंटीमीटरची खूण रंगवून ठेवा. त्याखालचा परत, आणि दोन्ही हातांनी उचलावा लागेल असाही परत. सोडताना हात ओले करा, जबड्याला धरून उभा लटकवू नका, पोटाखाली हात द्या. पाण्यात तोंड धारेकडे करून धरा. कल्ले नीट उघडझाप करायला लागले आणि शेपटीने हाताला ढकललं की सोडा.